एका खडकाची प्रदक्षिणा

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘शेवटची तारीख’ म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. वर्षभर ज्या खात्याकडे माणूस ढुंकूनही बघत नाही, त्याच खात्याचं पासबुक त्याला ३१ मार्चला दुपारी पावणेचार वाजता भरून हवं असतं. २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जुन्या नोटा भरायच्या ज्या रांगा लागल्या, त्या मी काचेच्या आतल्या बाजूनं पाहिल्या. तेव्हा एका रात्री घरी आल्यावर मी जाहीर केलं की, यापुढे जगातली कुठलीही रांग मला नवी नाही. सौ. म्हणाली, “बरं झालं. मग उद्या आधार केंद्रात तुम्हीच जा.”

माणसानं असली विधानं करू नयेत. २०१९ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आगेमागे, ऑस्ट्रेलिया खंडाच्या अगदी पोटात, एका लालभडक खडकापुढे मी भल्या सकाळी उभा होतो आणि माझ्यापुढे रांग होती. ना खिडकी, ना फॉर्म, ना रबरी शिक्का. नुसता खडक, आणि त्याच्यावर चढायला आलेली शे-दीडशे माणसं. एवढी गर्दी का, म्हणून विचारलं तर एक गोरे आजोबा म्हणाले, “२५ तारीख शेवटची आहे ना!” परमुलखात कुणीतरी मराठी बोलावं, तसं मला एकदम वाटलं.

हा खडक म्हणजे उलुरू. जुन्या नकाशांत एअर्स रॉक. भोवतालच्या सपाट जमिनीतून तो ३४८ मीटर वर येतो, म्हणजे एकावर एक पावणेपाच कुतुबमिनार. घेर साडेनऊ किलोमीटरांच्या आसपास. आणि हा म्हणे नुसता वर आलेला भाग. खालचा जमिनीत किती खोल गेलाय, ते किलोमीटरमध्येच मोजायचं. आमच्या बँकेतली काही थकीत कर्जं अशीच असतात. वर दिसतं ते थोडं.

मुळात मी तिथे गेलो तो मेहुण्याच्या कृपेनं. मेहुणा मेलबर्नला असतो. त्याचा एके दिवशी फोन आला, “भाऊजी, आत्ता आलात तर चढायला मिळेल. पुढच्या महिन्यापासून कायमचं बंद.” आता, मी आयुष्यात स्वतःहून चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या इमारतीची गच्ची, आणि तीही टाकीत पाणी आलं का ते बघायला. पण ‘पुढच्या महिन्यापासून बंद’ हे शब्द ऐकल्यावर माझ्यातला ग्राहक जागा झाला. जन्मभर दुसऱ्यांना जे करताना हसलो, तेच मी केलं. रजेचा अर्ज टाकला.

मेलबर्नहून विमानानं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, आणि तिथून सहलीच्या बसनं साडेचारशे किलोमीटर. ड्रायव्हर हाच गाईड. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, तोंडापुढे मायक्रोफोन. एका हातानं बस चालवत होता आणि तोंडानं दीडशे वर्षांचा इतिहास. आपल्याकडे ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते. तिथे ड्रायव्हरच आमच्याशी बोलायचा थांबत नव्हता.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे गाव तारेमुळे वसलं. १८७२ मध्ये अ‍ॅडलेडपासून डार्विनपर्यंत तारायंत्राची लाईन पुरी झाली, तिचं हे मधलं ठाणं. लाईन टाकणारे साहेब चार्ल्स टॉड. त्यांच्या पत्नीचं नाव अ‍ॅलिस. झऱ्याला बाईंचं नाव मिळालं आणि नदीला साहेबांचं. टॉड नदीत वर्षातले बहुतेक दिवस वाळूच असते. म्हणून गावकरी हटून बसले आहेत असं समजू नका. १९६२ पासून ते त्या कोरड्या नदीत होड्यांच्या शर्यती घेतात. बिनबुडाची होडी कमरेला धरायची आणि वाळूतून धावत सुटायचं. एका वर्षी, १९९३ मध्ये, ही शर्यत रद्द करावी लागली. नदीला पाणी आलं होतं! हे ऐकून आमचा चिरंजीव इतका हसला की, पुढे बसलेल्या जपानी बाईंनी त्याला गोळी दिली.

बस स्टुअर्ट हमरस्ता सोडून उजवीकडे वळली. या रस्त्याचं नाव लॅसेटर हायवे. मी सहज विचारलं, हे कोण गृहस्थ? तर हॅरॉल्ड लॅसेटर नावाच्या माणसानं १९२९ मध्ये सांगायला सुरुवात केली की, या वाळवंटात मी पूर्वी एक सोन्याची मोठी शीर पाहिली आहे. लोकांनी कंपनी काढली, भांडवल उभं केलं, ट्रक घेतला, विमानसुद्धा घेतलं. सोनं काही सापडलं नाही. १९३१ मध्ये लॅसेटर त्याच वाळवंटात उपाशी मेला. ज्या माणसाच्या प्रस्तावावर आमच्या शाखेत कुणी चहासुद्धा मंजूर केला नसता, त्याच्या नावानं सरकारनं हमरस्ता केला. मी कॉमर्सचा पदवीधर. मला हे पचायला जड गेलं. पण बसमधल्या कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. शिवाय त्या रस्त्यानं आता जे सोनं चालत येतं, त्यातले आम्हीही चार तोळे होतोच.

तेवढ्यात डाव्या हाताला क्षितिजावर एक भला मोठा लाल डोंगर उगवला. सगळी बस उठून एका बाजूला आली. कॅमेरे निघाले. मी अकरा फोटो काढले. ड्रायव्हरनं सगळ्यांचे फोटो पुरते होऊ दिले आणि मग शांतपणे सांगितलं की, हा माऊंट कॉनर. उलुरूला अजून तासभर अवकाश आहे. हा विनोद तो रोज करत असणार. बाहेरचे लोक या डोंगराला हमखास उलुरू समजतात. माथा टेबलासारखा सपाट, उंचीही जवळपास तेवढीच. पण बिचाऱ्याला बघायला कुणी येत नाही. मोठ्या भावाच्या लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या धाकट्यासारखी त्याची अवस्था.

आता या खडकाला एअर्स हे नाव कसं पडलं, ती गोष्ट आमच्या पेशाशी निगडित असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

१८७२ मध्ये अर्नेस्ट जाईल्स नावाचा एक शोधक या भागात आला. त्याला लांबून घुमटांसारखे लाल डोंगर दिसले. तिकडे जायला निघाला, तर मध्ये अमेडियस नावाचं खारं सरोवर. सरोवर म्हणजे वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल. घोडे रुतले, जाईल्स परत फिरला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, त्या घुमटांपाशी पोचला, आणि बघतो तर जमिनीवर ताज्या खुणा. विल्यम गॉस नावाचा सरकारी सर्व्हेअर त्याच्याआधी येऊन गेलेला! या गॉसनं १९ जुलै १८७३ रोजी उलुरू पाहिला आणि त्याला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्य चिटणीस सर हेन्री एअर्स यांचं नाव दिलं. सर हेन्री तेव्हा तिथले प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीही होते. गंमत अशी की, २२ जुलैला, तिसऱ्याच दिवशी, त्यांचं मंत्रिमंडळ गेलं. वाळवंटात तार नव्हती म्हणून, नाहीतर गॉसनं थोडा दम धरला असता.

पण मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. हे हेन्री एअर्स तरुणपणी वकिलाच्या कचेरीत कारकून होते. तिथून तांब्याच्या खाणीच्या कंपनीचे चिटणीस झाले, श्रीमंत झाले, सर झाले, खडकाला नाव मिळालं; खडक त्यांनी जन्मात पाहिला नाही. आणि जाईल्स, ज्यानं चिखल तुडवला, तहान काढली, वाळवंट पालथं घातलं, तो म्हातारपणी कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींच्या गावी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला आणि त्याच नोकरीत वारला. दोघंही गेले १८९७ मध्येच. कारकुनीतून वर जाण्याचा आणि कारकुनीत येऊन पडण्याचा असा जमाखर्च एकाच पानावर क्वचित बघायला मिळतो. ड्रायव्हरनं तो दोन मिनिटांत उरकला. मी मात्र पुढचे पन्नास किलोमीटर गप्प होतो. सौ.नं विचारलं, “बस लागली का?”

गॉस खडकावर चढला तो एकटा नाही. त्याच्याबरोबर कामरान नावाचा अफगाण उंटवाला होता. खडकावर फिरून साहेबांच्या पायांना इतके फोड आले की, उभं राहवेना. आणि कामरान अनवाणी मजेत हिंडत होता, असं खुद्द गॉसनंच लिहून ठेवलंय. खडकाला नाव मात्र कामरानचं दिलं नाही.

ही उंटवाली मंडळी आपल्यापासून फार लांबची नाहीत. त्यांना तिकडे सरसकट ‘अफगाण’ किंवा नुसतं ‘घान’ म्हणत; पण त्यांत बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते. १८६० मध्ये २४ उंट कराचीहून मेलबर्नला गेले, १८६६ मध्ये शंभरावर गेले, आणि तेव्हा कराची होती मुंबई इलाख्यात! म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर ऑस्ट्रेलियाचं वाळवंट उघडलं ते मुंबई सरकारच्या हद्दीतून गेलेल्या उंटांनी. तारेचे खांब, पीठ, चहा, पियानोसुद्धा याच उंटांनी वाहिले. पुढे १९२० च्या दशकात मोटारी आल्या आणि उंटांची नोकरी गेली. मालकांनी ते मोकळे सोडले. न निवृत्तिवेतन, न ग्रॅच्युइटी. त्यांची प्रजा वाढत वाढत काही लाखांच्या घरात गेली. अ‍ॅडलेडहून निघणाऱ्या आगगाडीला अजून ‘द घान’ असंच म्हणतात. आमच्या बसच्या वाटेतही तिघं उंट आडवे आले. मी मनातल्या मनात नमस्कार केला. इलाख्यातली माणसं.

सहलींचा इतिहास त्या मानानं अलीकडचा आहे. हा सगळा मुलूख अनांगू लोकांचा. हजारो वर्षं त्यांचाच. १९२० मध्ये सरकारनं तो ‘राखीव’ केला, म्हणजे त्यांचंच घर त्यांना राहायला दिलं. १९४८ च्या सुमारास खडकापर्यंत गाडीवाट झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा लेन टुइट नावाचा बसवाला प्रवासी आणू लागला. तंबू, घडीच्या खाटा आणि पाण्याची मारामार. बिल हार्नी नावाचा पहिला रेंजर आला. गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९५८ मध्ये सरकारच्या लक्षात आलं की, धंदा बरा आहे. मग राखीव मुलखातून खडक आणि त्याचा परिसर कापून काढला आणि तिथे राष्ट्रीय उद्यान केलं. विमानाची धावपट्टी आली, खडकाच्या अगदी पायाशी मोटेलं आली, आणि १९६४ मध्ये खडकात लोखंडी खांब ठोकून चढणाऱ्यांसाठी साखळी बसवली. अनांगूंनी मात्र तिथे फार रेंगाळू नये अशी अपेक्षा होती. पाहुण्यांना बरं दिसत नाही ना!

या पायथ्याच्या तंबूंच्या काळातलीच एक गोष्ट ड्रायव्हरनं सांगितली, तेव्हा त्यानं मायक्रोफोनवरचा आवाज उतरवला. १९८० च्या ऑगस्टात एका कुटुंबाच्या तंबूतून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. आई ओरडून सांगत होती की, डिंगो, म्हणजे रानकुत्रा, तिला घेऊन गेला. १९८२ मध्ये न्यायालयानं आईलाच खुनी ठरवून जन्मठेप दिली. १९८६ मध्ये खडकावरून एक प्रवासी पडून मेला, आणि त्याचा शोध घेताना डिंगोंच्या बिळांजवळ त्या बाळाचं झबलं सापडलं. आई सुटली. डिंगोनंच नेलं, असं सरकारी कागदावर यायला मात्र २०१२ उजाडलं. अनांगू माग काढणाऱ्यांनी पहिल्याच रात्री वाळूवरचे ठसे वाचले होते. ते कुणी नीट विचारले नाहीत. बसमध्ये पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. सौ.नं चिरंजीवाला खिडकीकडच्या जागेवरून आपल्याजवळ घेतलं.

१९८४ मध्ये मोटेलं हलवून उद्यानाच्या हद्दीबाहेर युलारा नावाचं पर्यटकांचं गाव वसवलं. आणि २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी जमिनीची मालकीपत्रं अनांगूंच्या हाती दिली. समारंभ चालू असताना डोक्यावरून एक विमान गेलं. त्याच्या शेपटीला फलक होता, एअर्स रॉक सगळ्या ऑस्ट्रेलियनांचा आहे. खाली अनांगूंनी कागद हातात घेतले, आणि लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं जमीन उद्यानासाठी सरकारला परत दिली. तशी अटच होती. आमच्या भाषेत याला सेल अँड लीजबॅक म्हणतात. मी असे व्यवहार कागदावर पाहिलेत. पण ज्यात विकणाऱ्याकडे विकताना आपलं असं काहीच नव्हतं, असा हा पहिलाच. पंतप्रधान हॉक यांनी आधी चढण बंद करण्याचंही वचन दिलं होतं. भाडेपट्ट्यात ते कलम आलं नाही.

मग अनांगूंनी विनंती करायला सुरुवात केली. बंदी नव्हे, विनंती. पाटी लावली: कृपया चढू नका, पण निर्णय तुमचा. चौतीस वर्षं ते पर्यटकांना असं सांगत राहिले. १९९० च्या दशकात चारांतले तिघं चढत. २०१५ च्या सुमारास शेकडा सोळाच चढत होते. तेव्हा २०१७ च्या नोव्हेंबरात उद्यानाच्या मंडळानं एकमतानं ठरवलं की, २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण बंद. मंडळाचे अध्यक्ष सॅमी विल्सन यांनी सांगितलं की, ही जागा डिस्नेलँडसारखी खेळायची नाही. आणि तारीख जाहीर झाल्याबरोबर काय झालं? जे शेकडा चौऱ्याऐंशी पूर्वी चढत नव्हते, त्यांनाही एकदम चढावंसं वाटू लागलं. पासबुक पावणेचारला! बंदीला विरोध करणाऱ्या सिनेटर पॉलिन हॅन्सन त्याच वर्षी ऑगस्टात टीव्हीचे कॅमेरे घेऊन आल्या, थोडं चढल्या, आणि बसून घसरत घसरत खाली आल्या.

तर अशा रांगेपुढे आम्ही उभे होतो. मेहुण्यानं बुटांच्या नाड्या आवळल्या. चिरंजीव उड्या मारत होता. लांबून खडकावर साखळीच्या कडेनं वर सरकणारे काळे ठिपके दिसत होते. अनांगू चढणाऱ्यांना ‘मिंगा’ म्हणतात, असं रेंजर बाईंनी सांगितलं. मिंगा म्हणजे मुंग्या. शब्द ऐकून मला वाटलं, या लोकांना मराठी येतं.

सौ. म्हणाली, “मी नाही जायची.”

मेहुणा म्हणाला, “ताई, एवढे पैसे खर्चून आलो!”

“घरातली माणसं नको म्हणतायत ना? मग नको. आपल्या देवघरात कुणी चपला घालून शिरलं आणि म्हणालं, एवढे पैसे खर्चून आलो, तर?”

यावर मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी साखळीकडे पाहिलं. साखळी जिथून सुरू होत होती, तिथपर्यंतचा उतारसुद्धा तिच्याशिवायच चढायचा होता. आजवर ३७ माणसं इथे चढताना-उतरताना गेली. पडून थोडी, बरीचशी हृदय बंद पडून. माणूस आपल्या जागेत मेला की त्याचं सुतक आपल्याला, असं अनांगू मानतात, असंही बाई सांगत होत्या. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “मीही जाणार नाही. शेवटी काही तत्त्व असतं.”

रेंजर बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, आमच्या विभागीय व्यवस्थापकांनी मला आजवर तसं कधी पाहिलेलं नाही. ड्रायव्हरनं माझा हात हातात घेऊन दाबला. जपानी बाईंनी मान लववली. सौ. तेवढी कानाशी पुटपुटली, “गुडघ्यांचं तत्त्व ना?”

मेहुणा गेला. आम्ही तिघं रेंजर बाईंबरोबर पायथ्यानं निघालो. फुकट फेरी असते ती. तिथे माला लोकांची गोष्ट कळली. माला म्हणजे तिथला एक छोटा कांगारूवजा प्राणी, आणि तेच अनांगूंचे पूर्वजही. मालांनी कार्याचा खांब रोवला होता. एवढ्यात पश्चिमेकडून दोघंजण आमंत्रण घेऊन आले की, आमच्याकडेही कार्य आहे, या. माला म्हणाले, आमचं सुरू झालं, आता अर्धवट सोडता येत नाही. तिकडच्यांना राग आला आणि त्यांनी कुत्र्याच्या रूपातलं एक भूत धाडलं. एकाच मुहूर्तावर दोन लग्नांची आमंत्रणं आली की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आमच्या एका आत्यानं अजून अबोला सोडलेला नाही. आणि ती साखळी ठोकलेली वाट, ती या माला पुरुषांच्या येण्याचीच वाट होती. म्हणून त्यावर चढायचं नाही.

मी विचारलं, “पुढे काय झालं?” बाई हसल्या. म्हणाल्या, पुढचं तुम्हाला सांगायचं नाही. लहान मुलांना सांगतात तेवढं मी सांगितलं. काही पुरुषांनाच ठाऊक असतं, काही बायकांनाच. आणि आम्ही एकमेकांना विचारत नाही. या सगळ्याला ते ट्युकुर्पा म्हणतात. त्यात गोष्टी, कायदा, देव, नकाशा, सगळं एकदम. बरोबरचा एक गोरा गृहस्थ जरा नाराज झाला. तिकीट पुरं घेता आणि गोष्ट अर्धी सांगता? मला मात्र हे तत्काळ पटलं. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. एकानं दुसऱ्याची मागायची नसते. त्यानं कुणाचा अपमान होत नाही, तिजोरी टिकते.

पुढची वाट आम्ही आमची आम्ही चाललो. पायथ्याची पुरती फेरी साडेदहा किलोमीटरांची, आणि ती घड्याळाच्या दिशेनं करावी असं उद्यानवालेच सुचवतात. सौ.ला हे कळल्यावर तिनं ओढणी डोक्यावर घेतली. प्रदक्षिणाच ती! काही ठिकाणी फोटो काढू नये अशा पाट्या होत्या, तिथे मी मोबाईल खिशात ठेवला. चारचौघांनी एकदा चांगला म्हटल्यावर माणसाला चांगलंच वागावं लागतं. माशा मात्र कुणाचंच तत्त्व मानत नव्हत्या. नाक, कान, डोळे, सगळीकडे शिरत होत्या. सगळे पर्यटक तोंडावर जाळी घालून हिंडत होते, मधमाश्या पाळायला निघाल्यासारखे. जवळून बघितलं तर खडक लांबून दिसतो तसा गुळगुळीत नाही. खवले आहेत, गुहा आहेत, पाणी पडून पडून झालेल्या काळ्या रेघा आहेत. आतला खडक करडाच, वरचा लाल रंग हा लोखंडाचा गंज. मुटिजुलू नावाच्या डोहापाशी गार होतं. तिथे चिरंजीव प्रथमच दहा मिनिटं गप्प बसला.

फेरी संपेपर्यंत मेहुणा उतरून आला होता. गुडघे सोललेले, चेहरा खडकाच्याच रंगाचा.

“वर काय आहे?” मी विचारलं.

“काही नाही. चहूकडे सपाट. लांब काटा ट्युटा दिसतं.” मग थोडा थांबून म्हणाला, “वरून एक उलुरू तेवढा दिसत नाही.”

काटा ट्युटा म्हणजेच जाईल्सला चिखलापलीकडे दिसलेले ते घुमट. एकंदर ३६. आपल्याकडे काटा पायात जातो, त्यांच्या भाषेत काटा म्हणजे डोकं. पुष्कळ डोकी, असा त्या नावाचा अर्थ. सगळ्यात मोठं डोकं उलुरूहूनही जवळजवळ दोनशे मीटर उंच; पण त्याला वुर्टेम्बर्गच्या ओल्गा राणीचं नाव पडलं. राणीलाही पत्ता नसणार. दुसऱ्या दिवशी तिथल्या वाऱ्यांच्या दरीत जायचं होतं. ३६ अंशांवर उष्म्याचा अंदाज असला, की अकरा वाजता पुढची वाट बंद करतात. आम्ही पोचलो सव्वाअकराला. फाटकापलीकडे डोकावत मी सौ.ला म्हटलं, “पंधरा मिनिटांनी गेली.” ती म्हणाली, “लोकांना असंच वाटत असेल हो, तुमच्या खिडकीशी.”

त्या रात्री मला झोप आली नाही. सगळी बस मला तत्त्वाचा माणूस समजत होती, आणि मला एकच गोष्ट कुरतडत होती. गुडघे विशीतले असते तर? खोटं कशाला बोला, बहुधा चढलो असतो. मेहुण्याच्या पुढे. आणि फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला असता.

घरी आल्यावर दिवाळीच्या आवराआवरीत चिरंजीवाच्या कंपासपेटीत एक लाल खडा सापडला. सुपारीएवढा.

“बाबा, तो खाली पडलेला होता. मी तोडला नाही.”

मी आवाज चढवला. पण मला पुढे बोलता येईना. चढलेला मेहुणा रिकाम्या हातानं आला होता आणि तत्त्वाच्या माणसाच्या घरी मुद्देमाल! चौकशी केली तेव्हा कळलं, आम्ही काही पहिले नव्हतो. जगभरातून लोक असे खडे टपालानं परत पाठवतात, बरोबर माफीची चिठ्ठी. उद्यानाच्या कचेरीत अशा पुड्यांचा ढीगच असतो म्हणे. मी बसून पत्र लिहिलं. हाताला वळण बँकेचं, त्यामुळे ‘विषय : एक खडा परत करणेबाबत’ असं वर आलंच. चिरंजीवानं खाली रंगीत पेन्सिलीनं नकाशा काढला. डोह, झाड, वाट, आणि जिथून उचलला तिथे बाण.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पुडी हातात घेऊन हलवली.

“आत काय आहे?”

“दगड.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “परदेशात दगड? किंमत किती लिहू?”

“शून्य लिहा.”

“सिस्टीम शून्य घेत नाही.”

हे वाक्य मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. मला कुणी पहिल्यांदाच ऐकवलं. मागे रांग वाढत होती. चिरंजीव टाचा उंच करून खिडकीतून आत बघत होता.

“मग एक लिहा.”

“एक काय? रुपया की डॉलर?”